हात न घेणारी मुलगी

"...आणि जे मूल मोठ्यांचा हातच घेत नाही, त्याला ख्रिस्तप्रसाद द्यायचा कसा, फादर?"

म्हातारे फादर बर्नाबस वालाच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कोणाचा हात?"

"कोणाचा म्हणजे? मोठ्यांचा."

"मोठे पुष्कळ असतात."

फादर एल्रॉय पायरीवर उभा होता. तरुण, ताठ, झग्याला कडक इस्त्री. वसईच्या किनाऱ्याजवळच्या त्या गावात देवळाची, म्हणजे चर्चची, शाळा होती आणि एल्रॉय तिचा नवा मुख्याध्यापक. लहानपणी तो फादर बर्नाबसांपुढे मांडी घालून धर्मशिक्षण शिकला होता. आताही काही अडलं की देवळामागच्या या पडवीत यायचा. अडलं आहे असं मात्र म्हणायचा नाही. सहज आलो म्हणायचा.

आजही सहजच आला होता.

त्या गावात एक जुनी रीत आहे. मिस्सा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची भाकर देतात ती देवळातली उपासना, सुटली की मुलं मोठ्या माणसांपुढे येतात, त्यांचा उजवा हात धरून आपल्या कपाळाला लावतात. मोठे म्हणतात, देव तुझं भलं करो. याला हात घेणं म्हणतात.

एल्रॉयने ही रीत शाळेत आणली. पाहुणा कोणीही येवो, फाटकापासून मुलांची रांग लागायची. प्रत्येक मुलाने पुढे होऊन पाहुण्याचा हात घ्यायचा. आमच्या शाळेत कोणी परका नाही, असं एल्रॉय सगळीकडे सांगायचा. बाहेरून आलेली माणसं डोळे पुसत परत जायची.

फादर बर्नाबस आता निवृत्त होते. आठवडाभर त्यांच्या पडवीकडे दुसरं कोणी फिरकत नसे. रविवारी तेवढी मुलं यायची. हात घ्यायची, कपाळाला लावायची आणि पळायची. तो एक घटका वेळ गेला की पडवीत पुन्हा ते आणि त्यांची खुर्ची.

"आज दुपारी हिलरी सरांचा सत्कार आहे," एल्रॉय म्हणाला. "परवा तालीम घेतली. सगळ्या मुलांनी सरांचा हात घेतला. ही एकटी मागे सरली."

हिलरी सर म्हणजे देवळातल्या गायनाचे मास्तर. गावातल्या प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक मयतीत पेटी वाजवायला तेच. शाळा सुटल्यावर ते मुलांना गाणं शिकवायचे. एल्रॉयला धर्मगुरूची दीक्षा मिळाली त्या दिवशीही तेच गायले होते.

"मागे सरली म्हणजे काय केलं तिने?"

"दोन्ही हात पाठीमागे बांधले. सगळ्यांच्या देखत."

"आणि तू?"

"मी सांगितलं, हात घेतला नाहीस तर पहिला ख्रिस्तप्रसाद मिळणार नाही. आजीने त्या दिवसासाठी पांढरा फ्रॉकसुद्धा शिवून ठेवलाय. तरी नाहीच."

फादर बर्नाबसांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"फ्रॉक शिवून तयार आहे... तरी नाही?"

"तरी नाही. तिसरीतली पोर, फादर. आणि एवढा गर्व."

"इतरांचा हात घेते?"

"घेते ना. माझा घेते, बाईंचा घेते. पाहुण्यांचा घेते."

"फक्त त्यांचाच नाही."

"फक्त त्यांचाच नाही. म्हणूनच म्हणतो, हा मुद्दामपणा आहे."

फादर बर्नाबसांनी हातातली शेंग टोपलीत टाकली.

"तिला आणि तिच्या आजीला घेऊन आलोय," एल्रॉय म्हणाला. "तुमचा शब्द कोणी मोडत नाही. तुम्ही समजवा."

विहिरीजवळ एक म्हातारी उभी होती. लाल लुगडं, काखेला पिशवी. तिच्या आड एक मुलगी.

"आम्हांला बोलवायचं असेल तर बोलवा," म्हातारी तिथूनच म्हणाली. "नाहीतर मी सुकट घ्यायला जाते. दोन दोन फादर आहेत आणि बस म्हणायला एक नाही."

"ये, कार्मेलीन," फादर बर्नाबस हसले. "बस म्हणायच्या आधी तू कधी बसली नाहीस असं झालंय का?"

"ते तुम्ही तरुण होता तेव्हा."

म्हातारी पडवीच्या कठड्यावर बसली. मुलगी उभीच राहिली.

"हिचं नाव सेरिना," आजी म्हणाली. "नाव विसरायच्या आत सांगून ठेवते. फादर एल्रॉय हिला परवापासून 'ही' म्हणतात."

एल्रॉय खाकरला.

फादर बर्नाबसांनी हात धुतला, पुसला आणि सवयीने पुढे केला.

सेरिनाने आजीकडे पाहिलं. आजीने तिला हलकेच पुढे ढकललं. सेरिना आली. खांदे वर ओढलेले, डोळे घट्ट मिटलेले. कडू औषध घ्यायला मूल येतं तशी.

तिची बोटं लागणार एवढ्यात फादर बर्नाबसांनी हात मागे घेतला.

"नको," ते म्हणाले.

सेरिनाने डोळे उघडले.

"तुला नकोय. मग नको."

"फादर!" आजी घाबरली. "तुम्हीसुद्धा रागावलात पोरीवर?"

"नाही गं. हात माझा आहे, पण कपाळ तिचं. तिला विचारायचं राहिलं होतं."

एल्रॉय पुढे झाला. "फादर, तुम्ही समजावणार होता..."

"समजावतोय."

"कोणाला?"

फादर बर्नाबसांनी शेंगांची टोपली उचलली आणि खालच्या पायरीच्या मधोमध ठेवली. स्वतः त्याच पायरीवर, टोपलीच्या एका बाजूला बसले. गुडघे कुरकुरले. दुसऱ्या बाजूला बरीच जागा सोडली.

मग ते शेंगा सोलू लागले. एल्रॉयला बस म्हणाले नाहीत, सेरिनालाही नाही.

...

थोड्या वेळाने सेरिना बसली. टोपलीच्या पलीकडे. तिने एक शेंग घेतली.

"शिरा आधी काढायच्या," ती म्हणाली.

"मी काढत नाही?"

"अर्ध्याच काढता."

"दिसत नाहीत मला."

"मग खाताना दातात अडकत असतील."

"दातच नाहीत."

सेरिना हसली. मग हसू तिथेच थांबवलं.

"गाण्याला जातेस का?" त्यांनी विचारलं.

"जायचे."

"आता?"

आजीने मध्येच तोंड घातलं. "जाते कुठे? गाण्याच्या दिवशी हिचं पोट दुखतं. बरोबर त्याच दिवशी. मी ओवा देते, गरम पाणी देते आणि धाडते. एवढे मोठे सर शिकवतात, फुकट का घालवायचं?"

"बघा," एल्रॉय म्हणाला. "पहिल्यापासून हे असं."

फादर बर्नाबसांनी त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. एल्रॉयने नजर वळवली.

"आवाज कसा आहे तुझा?" त्यांनी सेरिनाला विचारलं.

"मोठा आहे. बाई म्हणतात, तुझा आवाज पटांगणात ऐकू येतो."

"चांगलं आहे."

...

वाल टोपलीत पडत होते. दूर कुठेतरी केळीच्या वाडीत पंप चालू होता. तो बंद पडला.

"सर बाकीच्यांना सोडतात," सेरिना शेंगेकडे बघत म्हणाली. तो मोठा आवाज नव्हता. "मला थांबायला सांगतात."

तिने शेंगेची शीर ओढून काढली.

"मग दार लावतात."

आजीचा हात तोंडाकडे गेला.

"दार लावून काय क—" एल्रॉयने सुरुवात केली.

"एल्रॉय." फादर बर्नाबसांचा आवाज चढला नव्हता. पण एल्रॉय गप्प झाला.

म्हाताऱ्यांनी शेंग खाली ठेवली.

"सेरिना, तू सांगितलंस ते मला खरं वाटतं. तुझी काही चूक नाही. आणखी सांगायचं असलं तर तुझ्या आईला सांग, आजीला सांग. तुला बरं वाटेल त्या बाईमाणसाला सांग, तुला वाटेल तेव्हा. आम्ही दोघं तुला काही विचारणार नाही."

"आणि सरांचा हात?"

"घ्यायचा नाही."

"मग ख्रिस्तप्रसाद?"

"तो तुझाच आहे. कोणी काढून घेऊ शकत नाही. फादर एल्रॉयही नाहीत."

तिने एल्रॉयकडे पाहिलं. एल्रॉयने मान हलवली.

"दुसऱ्या कोणाचा पण घेतला नाही तर?"

"तरी चालेल."

"तुमचा पण?"

फादर बर्नाबसांनी आपल्या हाताकडे पाहिलं.

"माझाही."

सेरिना उठली. फ्रॉकवरच्या शिरा झटकल्या आणि विहिरीकडे गेली. तिथे मांजर होतं.

आजी कठड्यावरच होती.

"मी ओवा देत होते, फादर," ती म्हणाली. "पोट दुखतं म्हणायची, आणि मी ओवा देऊन धाडत होते..."

फादर बर्नाबस तिच्याजवळ जाऊन उभे राहिले.

"आता तिला धाडू नकोस. तिच्याजवळ जा. तिच्या आईबापाला बोलवून घे. आणि तिच्यासमोर रडू नकोस, कार्मेलीन. तिला वाटेल आपण काहीतरी बिघडवलं."

म्हातारीने पदराने तोंड पुसलं. दोनदा पुसलं. मग ताठ झाली आणि मोठ्याने म्हणाली, "चल गं, सुकट संपेल बाजारातली."

दोघी गेल्या.

...

"बसू?" एल्रॉयने विचारलं.

"बस."

तो पायरीवर बसला. इस्त्रीच्या झग्याला धूळ लागली.

"काय करू, फादर?"

"तुला माहीत आहे."

"सत्कार दुपारी आहे. मंडप लागलाय. सगळं गाव येणार."

"हो."

"आधी शांतपणे चौकशी केली तर? सरांशी मीच एकांतात बोलतो. कदाचित पोरीचा गैरसमज..."

"चौकशी होईल. ती करणारे लोक आहेत. तू पोलिसांकडे जायचं, तिच्या आईबापाला बरोबर घेऊन. आजच. मला कायदा फारसा कळत नाही, पण हे झाकून ठेवायचं नाही एवढं कळतं."

"आणि तोवर?"

"तोवर त्यांचं पाऊल मुलांत नाही."

एल्रॉयने डोकं हातात धरलं.

"आपली शाळा कोणाला परकं मानत नाही. मीच सांगत आलोय. स्वागत ही आपली श्रद्धा आहे, असं मीच सांगत आलोय. आणि आता मीच फाटकात उभा राहून माणूस परत पाठवू? जो माझ्या दीक्षेला गायला?"

"एल्रॉय, परवा तालमीत तिचं स्वागत कोणी केलं?"

एल्रॉयने वर पाहिलं.

"तीसुद्धा तुझ्या शाळेत आली होती," फादर बर्नाबस म्हणाले.

एल्रॉय उठला. जाताना त्याने हात घेण्यासाठी वाकून हात पुढे केला. लहानपणापासूनची सवय. मग मध्येच थांबला.

"घेऊ?"

"तुला हवा असेल तर."

त्याने घेतला.

...

दुपारी रांग लागली नाही. शाळेतल्या एका सिस्टरने मुलांना आधीच वर्गात नेलं होतं. मंडपात माणसं बसली होती. एल्रॉय फाटकात एकटा उभा होता.

हिलरी सर आले. नवं जाकीट, हातात टोपी.

"मुलं कुठे आहेत?"

"वर्गात आहेत, सर. आज तुम्ही आत यायचं नाही."

सर हसले. "माझाच सत्कार, आणि मीच नाही?"

"सत्कार होणार नाही, सर."

"कोणी काही बोललं का तुझ्याशी?"

एल्रॉय फाटकाच्या मधोमध सरकला.

"तुझ्या दीक्षेला मी गायलो, एल्रॉय. आठवतं ना?"

"आठवतं, सर."

तो बाजूला झाला नाही. हिलरी सरांनी मंडपाकडे पाहिलं. मंडपातली माणसं माना उंचावून बघत होती. मग त्यांनी टोपी घातली आणि गेले.

तसाच एल्रॉय सेरिनाच्या आईबापाबरोबर पोलीस चौकीत गेला. दुसऱ्या दिवशी साध्या साडीतली एक पोलीस बाई सेरिनाच्या घरी येऊन तिच्याजवळ बसली. पुढचं काम सावकाश चाललं. अशी कामं सावकाशच चालतात.

गाव मात्र थांबलं नाही. काल आलेला फादर जुन्या माणसाला दारातून हाकलतो, असं लोक म्हणू लागले. पोरीचं ऐकून. पोरीचं नाव एल्रॉयने कोणाला सांगितलं नव्हतं, आणि विचारणाऱ्याला तो सांगतही नव्हता. त्यामुळे लोक जास्तच चिडले. मिस्साला पेटी वाजेना. रविवारी एल्रॉयला जेवायला बोलवणारी घरं गप्प झाली. रस्त्यात माणसं "नमस्कार फादर" म्हणायची आणि न थांबता पुढे जायची.

फाटकापासूनची रांग एल्रॉयने बंद केली. मुलांना सांगितलं, पाहुण्याला लांबून नमस्कार केला तरी चालेल, नाही केला तरी चालेल. आणि कोणी मोठा माणूस दार लावू लागला, तर बाहेर या आणि ओरडा. तो मोठा माणूस मी असलो तरी.

देवळाच्या अंगणात फादर बर्नाबसांनीही मुलांना तेच सांगितलं. ज्याला हात घ्यायचा असेल त्याने या. नसेल त्याने खेळायला जा.

मुलंच ती. बहुतेक खेळायला गेली.

...

पहिल्या ख्रिस्तप्रसादाचा रविवार आला. पांढरे फ्रॉक, पांढरे सदरे, हातात मेणबत्त्या. एल्रॉयने एकेका मुलाला प्रसाद दिला. सेरिनाची पाळी आली. तिने हाताची ओंजळ केली, प्रसाद घेतला आणि आमेन म्हणाली. मोठ्याने. मागच्या बाकापर्यंत गेलं.

मिस्सा सुटल्यावर एल्रॉय देवळाच्या दारात उभा राहिला. माणसं दुसऱ्या दाराने बाहेर पडत होती. अंगणात फोटो चालले होते. त्याला कोणी फोटोत बोलावलं नाही.

सेरिना पळत बाहेर आली. त्याच्या समोरूनच गेली. थांबली नाही, बघितलंही नाही. तिच्या मैत्रिणी बर्फाच्या गाडीपाशी तिला हाका मारत होत्या.

एल्रॉय देवळामागे गेला. फादर बर्नाबस पडवीत खुर्चीवर होते. अंगणातला गलबला इथे बारीक होऊन येत होता.

"सहज आलो," एल्रॉय म्हणाला.

"बस."

तो बसला.

"चांगली झाली मिस्सा," फादर बर्नाबस म्हणाले. "एका पोरीचं आमेन मला इथे ऐकू आलं."

"तिचंच ते."

"मला वाटलंच."

...

"आली नाही ती," एल्रॉय म्हणाला.

"कुठे?"

"माझ्याकडे. समोरून पळत गेली."

"खेळायला गेली असेल."

"बर्फाच्या गाडीवर." एल्रॉय झग्याचं बटण चाळवत राहिला. "गावात माझ्याशी कोणी धड बोलत नाही, फादर. मी एकटाच जेवतो. त्याचं काही नाही, मी सोसतो. पण ज्या पोरीसाठी सोसतो, तिने निदान आज तरी... एकदा तरी येऊन..."

"येऊन काय?"

"हात घ्यायला हवा होता."

बोलून गेला, आणि स्वतःचंच ऐकून गप्प झाला.

फादर बर्नाबस समोर बघत होते. पडवीच्या पायरीवर सकाळपासून एकाही मुलाचं पाऊल पडलेलं नव्हतं.

"वाईट वाटलं?" त्यांनी विचारलं.

"वाटलं."

"खूप?"

"हो, फादर... खूप."

"मलाही वाटतं. रविवारी जरा जास्त."

एल्रॉयने म्हाताऱ्याकडे पाहिलं. मांडीवर दोन्ही हात रिकामे होते.

"मग तुम्ही काय करता?"

"माझं वाईट वाटणं मीच सांभाळतो, एल्रॉय. ते मुलांनी कशाला सांभाळायचं?"